सागरदेखाव्याचा पलीकडचा काठ

सागरदेखावा हा शब्द माझ्या आयुष्यात विडीच्या पुडक्याच्या पाठीवरून आला. एका फोटोग्राफरनं पेन्सिलीनं लिहून दिलं होतं, 'बाग एक, राजवाडा एक, सागरदेखावा एक. रुंदी आठ फूट.' बाग मला ठाऊक होती. राजवाडा काढायला मी कधीच घाबरलो नाही, कारण राजवाडा आतून कुणी पाहिलेलाच नसतो, त्यामुळे चूक काढायला कुणी येत नाही. सागरदेखावा म्हणजे नेमकं काय, ते मात्र मी विचारलं नाही. विचारणारा पेंटर त्या काळात उपाशी मरायचा.

पन्नासच्या पुढची सालं होती. मुंबई-पुणे रस्त्याला चिंचवडजवळ माझी पत्र्याची टपरी. पिंपरीकडे कारखाने उभे राहायला लागले होते आणि प्रत्येक नव्या भिंतीला अक्षरं हवी होती. मी इतक्या भिंतींवर 'आत येण्यास मनाई आहे' लिहिलं, की पुढं पुढं स्वतःच्या खोलीत शिरतानासुद्धा माझा पाय उंबऱ्यावर अडखळायचा. हे खरं आहे. निदान त्यातला उंबरा तरी खरा आहे.

फोटोग्राफर पुण्याचा. लाकडी पेटीचा कॅमेरा, तीन तंगड्यांचा स्टँड आणि गुंडाळलेले पडदे घेऊन तो एसटीच्या टपावरून गावोगावचे बाजार करायचा. त्याच्या धंद्यात पडद्यावर जे काढलेलं असतं त्याला देखावा म्हणत. झाडं असली तर बागदेखावा, पाणी असलं तर सागरदेखावा. पुडकं माझ्या हातात देताना त्यानं चष्म्यावरून पाहिलं.

"पेंटर, समुद्र पाहिलायस ना?"

"पाहिलायस म्हणजे? आठ महिने बोटीवर रंगारी होतो मी. बोटीला बाहेरून रंग द्यायचा म्हणजे माणसाला दोरानं उलटा टांगतात. मी असा लोंबकळत असताना एक मासा वर आला आणि माझ्या तोंडातली विडी घेऊन गेला."

"पेटलेली?"

"पेटलेली. तासभर पाण्यातून धूर निघत होता, राव."

मी तोवर लोणावळ्याच्या पुढं गेलेलो नव्हतो. लोणावळ्यालासुद्धा गेलो होतो ते एका हॉटेलवर 'येथे ताजी चिक्की मिळेल' लिहायला.

मांजरपाटाचं कापड ताणलं, खळ दिली, सरस उकळला, सफेद्यात नीळ कालवली आणि समुद्र कुठून आणावा म्हणून डोकं खाजवत बसलो. आम्ही देशावरची माणसं. आमचं पाणी म्हणजे विहीर, ओढा नाहीतर नदी. विहिरीला काठ चारी बाजूंनी, ओढ्या-नदीला दोन बाजूंनी. पाणी जास्त असलं तर काठ लांब जातो, एवढं मला कळत होतं. म्हणून मी मोशीला गेलो आणि श्रावणात फुगलेली इंद्रायणी दोन दिवस बघत बसलो. मग तिला पाचपट रुंद केलं, गढूळपणा काढून निळी केली, मधोमध शिडाचं गलबत सोडलं आणि वरच्या बाजूला, आभाळ सुरू होण्याआधी, पलीकडचा काठ काढला. निळसर डोंगर, त्याच्या पायथ्याशी हिरवी रेघ, रेघेवर सुईच्या टोकानं काढावीत तशी झाडं. त्या काठावर मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली. गलबत काय, कुणीही काढेल.

पडदा असा उतरला की काय सांगू! चाकणच्या बाजारात पहिल्या दिवशी टांगला तर एक म्हैस दावं तोडून पाणी प्यायला आली. कांद्याचा एक व्यापारी फोटोला उभा राहिला आणि आधी धोतर गुडघ्यापर्यंत वर धरलं, भिजू नये म्हणून. एका कोंबडीनं तर पडद्याकडं पाहून जी मान टाकली, ती संध्याकाळी रश्शातच सापडली. कोंबडीचं तुम्ही सोडून द्या. व्यापाऱ्याचा फोटो मात्र मी पाहिला आहे.

आणि तो शब्द! वर्षभरात तो त्या भागात असा पसरला की फोटो हा शब्द मागं पडला. सोयरीक जमवायची तर "मुलाचा सागरदेखावा धाडा" म्हणायचे. लग्न झालं की बायका नव्या नवरीला विचारायच्या, "सागरदेखावा झाला का गं तुमचा?" कुणी तोंड उघडं टाकून नुसताच उभा राहिला तर त्याला म्हणत, "काय रं, सागरदेखाव्यात हुबा हायस व्हय?" खेडला एका म्हाताऱ्यानं मरताना शेवटची इच्छा म्हणून सागरदेखावा मागितला. घरच्यांनी खाटेसकट उचलून बाजारात आणला, फोटो निघाला, आणि तो पुढं अकरा वर्षं जगला. अर्थ कुणाला विचारू नका. समुद्र पाहिलेलं कुणी नव्हतं आणि शब्दावाचून कुणाचं अडत नव्हतं.

इथवर मी तुम्हाला जे सांगितलं त्यात थोडी हवा भरलेली आहे. पुढचं तसं नाही. मी फार प्रयत्न केला, पण त्यात हवा राहत नाही.

एका बाजारच्या दिवशी पडद्याचा एक कोपरा वाऱ्यानं फाटला म्हणून मी डागडुजीला चाकणला गेलो होतो. फोटोग्राफर गिऱ्हाइकाच्या माना सरळ करत होता. तेवढ्यात दोन बायका आल्या. एक म्हातारी, हिरवं लुगडं, पायात वहाण नाही. तिच्या मागं तिची सून, वीस-बावीसची, कपाळाला कुंकू, हातात काचेच्या बांगड्या. सून म्हातारीचा दंड धरून तिला पडद्यासमोर घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यो बगा आत्ती. ह्यो समिंदर."

त्यांचं गाव मोशीच्या पलीकडं, इंद्रायणीच्या काठी. म्हातारीचा लेक मुंबईला गोदीत कोळशाच्या पडावांवर, म्हणजे बोटीतला माल धक्क्यावर आणणाऱ्या मोठ्या होड्यांवर, कामाला होता. वर्षापूर्वी गावात कागद आला, की तो पडावावरून समुद्रात पडला आणि देह सापडला नाही. अशा वेळी आमच्याकडं पळसाच्या पानांचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला रीतसर अग्नी देतात आणि मग सुतक धरतात. पुतळा जळेपर्यंत माणूस मेलेला नसतो आणि आलेलाही नसतो. गावच्या जोशानं दोनदा दिवस काढून दिला होता. म्हातारीनं दोन्ही वेळा पळसाची पानं नदीत सोडून दिली. "ज्या पान्यानं न्हेला त्ये पानी मला दावा," एवढंच ती म्हणायची, "मंग जाळा काय जाळायचं त्ये." मुंबईला तिला कोण नेणार? शेवटी सुनेला सागरदेखाव्याची आठवण झाली.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मला दिसली ती फक्त एक म्हातारी, जी माझ्या पडद्याला हात लावून बघत होती. रंग ओला आहे का बघतात ना, तसा.

"ह्ये तू काढलंस व्हय, बाबा?"

"मीच, मावशी."

"तू पायलाय समिंदर?"

भोवती पाच-सहा माणसं होती. मला कुणी ऐकणारं असलं की माझी जीभ माझी राहत नाही. "आठ महिने राहिलोय त्याच्यावर," मी म्हणालो.

तिनं बोट वर केलं. "आन् त्यो निळा डोंगुर कशाचा?"

"तो पलीकडचा काठ."

"काठ हाय म्हंजी?"

"आहे म्हणजे काय! सकाळी ऊन पडलं की झाडं मोजता येतात. बैल चरताना दिसतात. मी स्वतः पाहिलेत."

बैल पडद्यावर नव्हते. ते मी तिथं उभ्या उभ्या घातले.

म्हातारी त्या डोंगराच्या जवळ सरकली. मग सुनेकडं वळून म्हणाली, "ऐकलंस न्हवं? आगं, सरावनाच्या पुरात शेळीचं करडू खांद्यावर घिऊन इंद्रायनी पार केली त्यानं. समद्या गावानं बगितलं. ह्ये तर निवांत पानी हाय. त्यो पल्याड लागलाय. चल, न्हाई जाळायचा पुतळा."

मी हसलो. म्हातारीला बरं वाटलं म्हणून मला बरं वाटलं. सून माझ्याकडं बघत होती. तिच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत ओघळलं होतं आणि ती ते पुसत नव्हती.

त्यानंतर म्हातारी दर बाजारला यायला लागली. मैलोन् मैल चालत यायची, पडद्याच्या उजव्या अंगाला फतकल मारून बसायची आणि त्या काठाकडं बघत राहायची. फोटोग्राफर तिला सरकवून सरकवून थकला. त्या वर्षी चाकणच्या बाजारात ज्यांनी ज्यांनी सागरदेखावा काढला, त्यांच्या फोटोत उजवीकडं खाली नीट पाहा. हिरव्या लुगड्याचा एक गुडघा दिसतो, फोटोत तो काळा येतो. त्या गुडघ्यासकट सोयरिकी जमल्या, त्या गुडघ्यासकट तसबिरी भिंतीला लागल्या.

फोटोग्राफर टपरीवर येऊन माझ्यावर ओरडला. "पेंटर, तुझा समुद्र माझ्या धंद्याला नडला. ती लोकांना सांगते, माझा लेक त्या तिसऱ्या झाडाखाली आहे म्हणून. पोरं रडायला लागतात, राव."

"कुठल्या तिसऱ्या?" मी विचारलं. "डावीकडून का उजवीकडून?"

तेव्हाही मी चेष्टाच केली.

माझी चेष्टा थांबवली ती एका मालवणी गड्यानं. पिंपरीच्या एका कारखान्यात नळ जोडायच्या कामावर होता. फोंडा घाट चढून कोल्हापूर, तिथून गाडीनं पुणे, असा तो थेट इकडं आलेला. मुंबई त्यानं पाहिली नव्हती, पण समुद्राच्या दारातच जन्मलेला. घरी पाठवायला फोटो हवा म्हणून मी त्याला मोठ्या तोऱ्यात चाकणला घेऊन गेलो. आमच्या नशिबानं त्या दिवशी म्हातारी तापानं घरी होती. त्यानं पडदा पाहिला, आणि हसता हसता खालीच बसला.

"मेल्या, ह्यां काय काढलंस? हो तर व्हाळ, तुमचो ओढो!"

"समुद्र आहे."

"समुद्राक पल्याडचो काठ खंय असता रे?"

"मग पलीकडं काय असतं?"

"काय नसता."

"काहीतरी असेलच की. पाणी कशाला टेकणार?"

तो हसायचा थांबला. डोळे पुसले. "आयक. तू व्हाळाक बघतंस तेव्हा तुझी नजर पल्याड जाता आणि परत येता. समुद्राक बघतंस तेव्हा नजर जाता, ती परत येणाच नाय. तां समुद्र बघणा." मग पडद्यावरच्या माझ्या डोंगराकडं बोट करून म्हणाला, "पल्याड असो काठ असतो ना, तर आमच्या गावातल्यो अर्ध्यो बायलो अजून दारात बसान रवल्यो असत्यो."

त्यानं फोटो काढला नाही. त्या पडद्यासमोरचा फोटो घरी पाठवला तर आई म्हणेल, पोरगा बिघडला, नदीकाठी राहतो आणि समुद्र सांगतो.

परत येताना एसटीत मी त्याला माशाची आणि विडीची गोष्ट सांगायला घेतली. अर्ध्यावर सोडून दिली.

त्यानंतर दोन-चार दिवसांनीच ती सून चिंचवडला माझ्या टपरीवर आली. भर दुपार, एकटी, चालत आलेली. मी एका दुधवाल्याची पाटी रंगवत होतो. ती पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला आणि पदर डोक्यावर सारखा करत म्हणाली, "दादा, त्यो काठ पुसा."

"कुठला?" मी उगाच म्हणालो.

"तुमी खरंच पायलाय समिंदर?"

टपरीत आम्ही दोघंच होतो. ऐकणारं कुणी नव्हतं, म्हणून असेल. "नाही," मी म्हणालो.

ती चिडेल असं वाटलं होतं. ती नुसती मान हलवून म्हणाली, "मला वाटलंच. बैल म्हनलात तवाच."

मग तिनं सांगितलं. रडत नाही, बाजारातला भाव सांगावा तसं. हळदी-कुंकवाला तिला बोलावत नव्हते, कारण नवरा मेलाय हे सगळ्या गावाला माहीत. चुकून गेलीच तर ती बसते ती रांग उठून जायची. विधवांत बसायला गेली तर सासू हाताला धरून ओढून आणायची, कुंकवाचं बोट भरून कपाळाला लावायची. भावानं खेडकडं एक ठिकाण बघून ठेवलं होतं. बायको वारलेला, दोन लेकरांचा बाप, बरा माणूस. पण पुतळा जळाल्याशिवाय पाट कसा लावणार? जिवंत नवऱ्याच्या बायकोला कोण पदरात घेतो?

"तुमी तिला खोटं सांगितलंत, त्याचा मला राग न्हाई," ती म्हणाली. "ती सुखात हाय. सकाळी उठून दोन भाकरी जास्त थापती. त्या मी खाते, दादा. रोज. त्याच्या वाटच्या."

"मी येऊन सांगू का तिला? की मी पाहिलेला नाही म्हणून?"

"नगं. मंग म्हनंल, ज्यानं पायलाय त्याला इचारते. मंग पुना हुडकत बसंल." ती उठली. "तिच्या म्होरं पुसा. तिला दिसू द्या."

पुढच्या बाजारला मी सफेद्याचा डबा, निळीचा डबा आणि रुंद ब्रश घेऊन चाकणला गेलो. फोटोग्राफरला सांगितलं तर त्यानं हात जोडले, "पूस बाबा, गलबतसुद्धा पूस." म्हातारी तिच्या जागेवर बसलेली. ताप नुकताच उतरला होता. मागं चार हातांवर सून उभी.

"काय करतुस रं?"

"डागडुजी, मावशी."

मी डावीकडून सुरुवात केली. डोंगराचं टोक आभाळात गेलं. पायथ्याची हिरवी रेघ पाण्यात गेली. मी हळूहळू रंगवत होतो, तसं मला कुणी सांगितलं नव्हतं, हातच जड झाला होता. पहिलं झाड गेलं. दुसरं गेलं. मागून काहीच आवाज येईना म्हणून मी वळून पाहिलं. म्हातारी गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. पूर बघायला नदीकाठी बसतात, तशी.

"पानी चढाया लागलं व्हय?" ती म्हणाली.

मी एका शब्दात उत्तर दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. "हो," मी म्हणालो.

"लई चढनार?"

"लई."

तिसरं झाड गेलं. म्हातारीचा हात एकदा उचलला गेला आणि परत गुडघ्यावर आला. बाजारात कांद्याच्या गोण्यांचा लिलाव चालला होता, माणसं ओरडत होती. उजव्या टोकाला वीतभर काठ उरला. त्यावर दोन झाडं होती आणि डोंगराचा एक तुकडा.

"तेवढा ऱ्हाऊ दे, लेका," म्हातारी म्हणाली.

मी ब्रश खाली घेतला. तिच्या डोक्यावरून मला सून दिसत होती. तिनं खूणसुद्धा केली नाही. फक्त बघत होती.

मी ब्रश भरला आणि तो वीतभर काठ पुसला.

म्हातारी बराच वेळ त्या निळ्याकडं बघत राहिली. नजर डावीकडून उजवीकडं गेली, परत डावीकडं आली, कुठं टेकायला जागा शोधत असावी. मग हात टेकून उठली. "दमला आसंल त्यो," ती सुनेला म्हणाली, "लई दमला आसंल," आणि चालायला लागली. सुनेनं तिचा दंड धरला.

आठवड्याच्या आत पुतळा जाळला. मला बोलावणं नव्हतं, कशाला असेल? पण मी गेलो. त्यांच्यात मिसळायचा धीर नव्हता म्हणून इंद्रायणीच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो, इकडच्या काठावर. पळसाची पानं ओली होती, आधी नुसता धूर झाला. नारळ फुटल्याचा आवाज पाण्यावरून माझ्यापर्यंत स्पष्ट आला. सुनेच्या बांगड्या फोडल्या ते दिसलं, ऐकू आलं नाही. म्हातारीनं कपाळ बडवलं नाही. ती नदीकडं तोंड करून बसली होती आणि मध्येच तिनं मान वर करून समोर पाहिलं. समोर मी होतो. एवढ्या लांबून तिनं मला ओळखलं असेल असं वाटत नाही. काठावर कुणीतरी माणूस उभा आहे, एवढं दिसलं असेल. मी झाडामागं सरकलो.

सागरदेखावा हा शब्द त्यानंतर मी कुणासमोर फार वापरला नाही. बाजारात तो चालूच राहिला. पडदाही चालला, पण फोटोग्राफर म्हणायचा, काठ गेल्यापासून माणसं त्याच्यासमोर उभी राहिली की कुठं बघावं ते त्यांना कळत नाही, फोटोत सगळे डोळे हरवल्यासारखे येतात. मालवणी गडी मात्र मुद्दाम चाकणला जाऊन फोटो काढून आला. "आता समुद्र झालो," म्हणाला.

दोन वर्षांनी मला मुंबईचं काम मिळालं. बंदरावरच्या गोदामांच्या दारांवर आकडे टाकायचे. आठ महिने समुद्रावर राहून आलेला मी, तेव्हा पहिल्यांदा समुद्राकडं निघालो. ज्या धक्क्यावर कोळशाचे पडाव लागतात तो विचारत विचारत गेलो. सकाळची वेळ होती, ऊन नुकतंच वर आलेलं. पडावांची रांग, कोळशानं काळी झालेली माणसं, पाण्यावर तेलाचा तवंग. मी मान वर करून पलीकडं पाहिलं.

पलीकडं डोंगर होते. निळसर. त्यांच्या पायथ्याशी हिरवी रेघ.

मी डोळे चोळले. मी पुष्कळ गोष्टी न पाहता सांगितल्या आहेत, पण पाहिलेली गोष्ट खोटी वाटावी असं त्या दिवशीच झालं. शेजारी एक खलाशी दोर गुंडाळत होता.

"ते काय आहे हो?"

"काय म्हणजे? पलीकडचा किनारा."

"समुद्राला?"

"बंदर आहे हे. उघडा समुद्र तिकडं, बाहेर. पडाव बाहेर कशाला जातील? ते इथंच, धक्का ते बोट, बोट ते धक्का."

"इथं पाण्यात पडलेला माणूस तिकडं पोहून जाईल?"

त्यानं दोर थांबवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "भरती-ओहोटीवर आहे. पट्टीचा असला तर जाईलही. नाही तर नाही. का?"

"सहज," मी म्हणालो.

दिवसभर मी गोदामांच्या दारांवर आकडे टाकत होतो आणि मध्ये मध्ये तिकडं बघत होतो. झाडं मोजता येत नव्हती. पण होती.

परत आल्यावर बरेच दिवस मी मोशीकडं फिरकलो नाही. मग एकदा तिथल्या शाळेची पाटी रंगवायचं काम निघालं आणि टाळता येईना. काम संपवून मी नदी ओलांडली. म्हातारी ओट्यावर सूप घेऊन ज्वारी पाखडत होती. अंगानं निम्मी झाली होती. मला बघून म्हणाली, "ये रं पेंटर, बस." घरात दुसरं कुणी नव्हतं.

"सूनबाई कशी आहे?" मी विचारलं.

"खेडला नांदती. गेल्या म्हयन्यात ल्येक झाला तिला. म्या आंगडं-टोपडं धाडलं. आपलीच हाय की ती." तिनं सुपातला खडा वेचून बाजूला टाकला. "तू मंबईला गेलतास म्हनं पुन्यांदा?"

"गेलो होतो."

मी मनाशी ठरवून आलो होतो, की विचारलं तर खरं सांगायचं. वाटेत शब्दसुद्धा जुळवले होते. मावशी, तिथं काठ आहे. मी उगाच काढला होता, पण तो आहे. आणि मग डोळ्यासमोर ते आंगडं-टोपडं आलं, म्हातारीनं हातानं शिवलेलं.

सूप खाली ठेवून तिनं माझ्याकडं पाहिलं.

"पानी उतारलं का रं?"

"नाही, मावशी," मी म्हणालो. "तसंच आहे अजून."

"म्या म्हनलंच," ती म्हणाली, आणि सूप उचललं.